रुग्णाला समजत नाही, म्हणजे काय?

रुग्णाला आपला रोग किती समजतो आणि त्या समजण्याचा उपचाराच्या परिणामाशी काय संबंध आहे, या विषयावर वैद्यकशास्त्रात आता बरेच वाङ्मय जमा झाले आहे. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. मी मराठीचा शिक्षक आहे. तरीही हे वाङ्मय मी जमेल तसे वाचत आलो, याचे कारण त्यात 'रुग्ण' म्हणून जो येतो तो माझ्या ओळखीचा आहे. तो माझ्या वस्तीतला आहे. कथा-कादंबरीतील दलिताचे चित्र खरे की खोटे, याची चिकित्सा आपण गेली कित्येक वर्षे करीत आहोत. शोधनिबंधातील दलिताच्या चित्राची चिकित्सा मात्र आपण केलेली नाही. शास्त्र म्हटले की आपण दबून जातो. वास्तविक शोधनिबंध हाही माणसांनी माणसांविषयी लिहिलेला मजकूर आहे. त्यात कर्ता कोण, कर्म कोण आणि दोष कोणाच्या माथी, हे तपासण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. प्रस्तुत लेखात मी हे काम क्षयरोगापुरते करणार आहे.

१

प्रथम एक कार्ड. ते माझ्या चुलत्यांचे. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. १९७९ साली मी दहावीत होतो आणि वस्तीत इंग्रजी वाचता येणारा तेव्हा मी एकटाच होतो. त्यामुळे कोर्टाचे, बँकेचे, दवाखान्याचे जे काही कागद येत ते माझ्यापुढे येत. चैत्रात नाना उसाच्या फडावरून परतले. ते खोकत होते. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आले आणि त्यांनी कार्ड माझ्या हाती दिले. कार्डावर लाल शाईने एकच इंग्रजी शब्द लिहिला होता : डिफॉल्टर. मी शब्दकोशात पाहिले. कर्ज बुडविणारा, जबाबदारी चुकविणारा, असे काहीसे अर्थ होते. मी नानांना म्हणालो, "नाना, गोळ्या चुकवणारा असं लिवलंय."

नाना म्हणाले, "आरं, म्या कुठं चुकवल्या? फडावर कोन देनार व्हतं गोळ्या?"

त्या काळी क्षयाचा उपचार वर्ष-दीड वर्ष चाले. महिन्याची औषधे महिन्याला, आणि ती ज्या दवाखान्यात नाव असेल त्याच दवाखान्यात मिळत. नानांनी दसऱ्यापर्यंत एक खेप चुकविली नव्हती. दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी आली. उचल घेतलेली होती, ती पोटात गेलेली होती. उचल घेतलेल्या माणसाला 'माझा उपचार चालू आहे' असे म्हणता येत नाही. कारखान्याच्या गावी त्यांचे कार्ड चालत नव्हते. परतल्यावर डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, "तुम्हा लोकांना समजत नाही का?" १९८१ च्या पावसाळ्यात नाना गेले.

त्या प्रश्नाने मला सोडले नाही. नानांना समजत नव्हते असे काय होते? गोळ्या सोडल्या तर मरण आहे हे त्यांना समजत होते. उचल फेडली नाही तर पुढच्या साली पोरांच्या पोटाला काही नाही, हेही त्यांना समजत होते. दवाखान्याला यांपैकी पहिलीच गोष्ट समजत होती. मग न समजणारा पक्ष कोणता?

२

क्षयरोगाच्या संशोधनात मद्रासचे नाव मोठे आहे, आणि ते योग्यच आहे. १९५६ साली तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो एकत्रित उपक्रम होता. प्रश्न असा होता की क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवणे आवश्यक आहे काय? तोपर्यंत क्षय म्हणजे खाट, हवा, दूध-अंडी आणि विश्रांती असे समीकरण होते. खाटा थोड्या होत्या आणि रुग्ण लाखांनी होते. मद्रास शहरातील गरीब रुग्ण निवडले गेले. एकूण १९३ जणांची, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गटांत वाटणी झाली. एक गट घरी, दुसरा सॅनेटोरियममध्ये. दोहोंना तीच औषधे वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के आणि घरी ८६ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता.

या निष्कर्षाचे लोकशाही मूल्य मी कमी लेखत नाही. क्षयाचा उपचार खाट परवडणाऱ्यांची मिरास राहिला नाही. झोपडीतला माणूसही बरा होऊ शकतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. जगभरची सॅनेटोरियमे पुढे बंद पडली, त्यामागे मद्रासच्या गरिबांची फुप्फुसे आहेत. त्यांची नावे कोठे नाहीत, पण उपकार आहेत.

परंतु याच प्रयोगातून दुसरे दोन निष्कर्ष निघाले, आणि त्यांचा प्रवास मला तपासावयाचा आहे. पहिला निष्कर्ष अन्नाविषयीचा. सॅनेटोरियममधील रुग्णांना चांगले जेवण मिळाले, त्यांचे वजनही अधिक वाढले. घरच्यांना तसे जेवण नव्हते. तरी रोग आटोक्यात येण्यात मोठा फरक पडला नाही. म्हणून, योग्य औषधे दिली तर सुरुवातीच्या यशासाठी आहार निर्णायक नाही, असे १९६१ च्या निबंधात मांडले गेले. दुसरा निष्कर्ष निगराणीचा. घरी औषधे दिलेला रुग्ण ती घेतोच असे नाही, म्हणून अवचित घरी जाऊन गोळ्या मोजणे, लघवी तपासणे हे करावे लागते, आणि शक्य तर गोळी समोर गिळून घ्यावी, हा विचार तेथेच वाढीस लागला.

आता हे दोन निष्कर्ष एकापुढे एक ठेवून पाहा. अन्न निर्णायक नाही. औषध पुरेसे आहे. मग औषध असूनही रुग्ण बरा झाला नाही तर कारण कोणते उरते? रुग्णच उरतो. त्याने गोळी घेतली नाही. का घेतली नाही? त्याला समजले नाही. अशा रीतीने भूक समीकरणातून बाहेर गेली आणि तिच्या जागी रुग्णाचे अज्ञान येऊन बसले. मद्रासच्या संशोधकांचा हा हेतू होता असे मी म्हणत नाही. त्यांनी सावधपणे, मर्यादा सांगून लिहिले होते. परंतु संशोधकाची सावधगिरी त्याच्या निबंधात राहते. खाली तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचते ती फक्त लाल शाई.

३

रुग्णाच्या अज्ञानाचा सिद्धांत त्याच काळात आपल्याच देशात खोटा ठरला होता, ही गोष्ट कार्यकर्त्यांना फारशी माहीत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील समाजशास्त्रीय बाजू पाहणारे देबबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात एक पाहणी केली. तिचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी सार्वत्रिक समज असा होता की खेड्यातील माणसाला आपल्याला रोग झाला आहे हेच कळत नाही. म्हणून क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन गावोगाव हिंडावे, रोगी हुडकून काढावेत आणि त्यांना आरोग्यशिक्षण द्यावे. बॅनर्जी-अँडरसन यांनी वेगळा प्रश्न विचारला. गावपाहणीत ज्यांना रोग आढळला होता त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारले, तुम्हाला काय होत होते आणि तुम्ही काय केले?

उत्तर असे मिळाले की बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. अनेकांना काळजी लागलेली होती. आणि त्यांतील सुमारे निम्मे स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. त्यांची थुंकी कोणी तपासली नव्हती.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. रुग्णाला रोग समजला होता. दवाखान्याला समजला नव्हता. ज्याला हुडकायला गाडी पाठवायची, तो दवाखान्याच्या दारात येऊन बाटली घेऊन परत गेला होता. म्हणजे आरोग्यशिक्षणाची गरज होती, पण ती टेबलाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे. या पाहणीचा एक चांगला परिणाम झाला. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी करताना, रुग्ण जेथे आपणहून येतो त्या साध्या दवाखान्यातच निदानाची सोय करावी, हे तत्त्व मान्य झाले. पण तत्त्व मान्य होणे वेगळे आणि दृष्टी बदलणे वेगळे. १९६३ चा निबंध प्रसिद्ध होऊन सोळा वर्षे झाली तेव्हा नानांच्या कार्डावर तो शब्द लिहिला गेला.

४

शब्दांकडे थोडे पाहू, कारण तो माझा विषय आहे. क्षयरोग कार्यक्रमाच्या भाषेत खोकणारा माणूस म्हणजे 'सस्पेक्ट', संशयित. औषध सुटलेला म्हणजे 'डिफॉल्टर', कसूरदार. हे शब्द दवाखान्याचे की पोलीस चौकीचे? आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना ही भाषा अनोळखी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांच्या पिढ्यांनी हजेरी दिली. तो कायदा १९५२ साली गेला, पण माणसाकडे पाहण्याची ती नजर कायद्याबरोबर गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या व्याख्या बदलल्या. 'संशयित' गेला. 'डिफॉल्टर'च्या जागी 'पाठपुराव्यातून सुटलेला' या अर्थाचा शब्द आला. हा बदल स्वागतार्ह आहे. निदान आता प्रश्न तरी विचारता येतो की त्याला सुटू कोणी दिले?

शब्दांपेक्षाही प्रयोग अधिक बोलका आहे. या निबंधांतील वाक्यरचना पाहावी. 'औषध दिले गेले', 'माहिती सांगण्यात आली', 'संमती घेण्यात आली' अशी कर्मणी वाक्ये सर्वत्र. देणारा, सांगणारा, घेणारा दिसत नाही. रुग्ण कर्ता म्हणून येतो तो बहुधा एकाच जागी : 'रुग्णाने उपचार सोडले'. चांगले झाले तर ते औषधाने झाले, आणि वाईट झाले तर ते रुग्णाने केले! गावकीची हीच रीत होती. पीक आले तर पांढरीचे पुण्य, रोगराई आली तर महारवाड्याचा दोष.

५

निगराणीच्या विचाराचे पुढे काय झाले? १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने 'डॉट्स' या नावाने एक पद्धत जगभर नेली. तिच्यात इतर अनेक उपयुक्त गोष्टी होत्या. थुंकीची तपासणी, औषधांचा अखंड पुरवठा, नोंदी. या गोष्टींनी असंख्य माणसे वाचली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिच्या नावात मुख्य जागा मिळाली ती समोर बसवून गोळी गिळायला लावण्याला. भारतात १९९७ पासून हा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. आठवड्यातून तीनदा केंद्रावर यायचे आणि माणसासमोर गोळ्या घ्यायच्या. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाईला आठवड्यातून तीन सकाळी केंद्रावर थांबायचे म्हणजे काय, याचा हिशेब या योजनेत कोठे नव्हता.

आणि या निगराणीने खरोखर माणसे अधिक बरी होतात काय? पाकिस्तानात हे तपासून पाहिले गेले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रुग्णांचे तीन गट होते. एकाची गोळी आरोग्यसेवकासमोर, दुसऱ्याची घरच्या माणसासमोर, तिसऱ्याची त्याची त्याने घ्यायची. तिन्ही गटांच्या बरे होण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याचा अर्थ गोळी घेण्याला महत्त्व नाही असा कोणी घेऊ नये. गोळी पूर्ण काळ घेतलीच पाहिजे. अर्धवट घेतली तर रोग उलटतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. अर्थ एवढाच की पाहणाऱ्याचे डोळे हे गोळी घेण्याचे कारण नसते. ज्याला गोळी घेणे शक्य होते तो घेतो. मग शक्य कशाने होते, हा खरा प्रश्न.

६

या प्रश्नाचे उत्तर हैतीच्या डोंगराळ भागातून आले. हैती हा गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला देश, आणि आज पश्चिम गोलार्धातील सर्वांत दरिद्री देशांपैकी एक. तेथील कांज नावाच्या गावात पॉल फार्मर या अमेरिकन डॉक्टरचा आणि त्याच्या स्थानिक सहकाऱ्यांचा दवाखाना होता. औषधे फुकट होती, तरी १९८८ च्या अखेरीस तीन रुग्ण क्षयाने दगावले. असे का झाले, यावर कार्यकर्त्यांची बैठक झाली. बैठकीत दोन मते पडली. डॉक्टर-परिचारिकांपैकी काहींचे म्हणणे असे की हे लोक रोगाचे मूळ करणीत शोधतात. त्यांचा जंतूंवर विश्वास नाही, म्हणून जरा बरे वाटताच औषध सोडतात. गावातून आलेल्या आरोग्यसेवकांचे म्हणणे असे की जे अधिक गरीब, ज्यांना खायला नाही, तेच मरतात.

फार्मर यांनी दोन्ही मते तपासण्याचे ठरविले. रुग्णांचे दोन गट झाले. दोहोंना औषधे फुकट. पहिल्या गटाला त्याशिवाय दरमहा काही पैसे, अन्नाची मदत, प्रवासखर्च आणि घरी येऊन विचारपूस. पहिल्या गटात बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ पूर्ण राहिले. दुसरा गट पुष्कळच मागे पडला. आणि करणीचे काय? करणीवर विश्वास दोन्ही गटांत होता. विश्वास ठेवणाऱ्यांनी औषध अधिक सोडले असे आढळले नाही. करणीवर विश्वास असणारा माणूसही, पोटात अन्न आणि हातात प्रवासखर्च असेल तर, गोळी बिनचूक घेत होता.

येथे मला आपल्या चळवळीतील मित्रांशी थोडे भांडायचे आहे. आपण बाबासाहेबांचा वारसा सांगतो. अंधश्रद्धा आपल्याला मान्य नाही, आणि नसावीच. मरीआईचा अंगारा आणि देवऋष्याची कवडी यांविरुद्ध आपण बोलत आलो आणि बोलत राहू. पण हैतीच्या त्या बैठकीत आपण असतो तर कोणत्या बाजूला बसलो असतो? मला भीती वाटते की आपल्यापैकी शिकलेले पुष्कळजण परिचारिकांच्या बाजूला बसले असते. 'आपले लोक अडाणी आहेत, त्यांना समजत नाही' हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून जितके ऐकले तितकेच आपल्या शिबिरांतून ऐकले आहे. मीही ते बोललो आहे. नानांना मी 'गोळ्या चुकवणारा' असा अर्थ सांगितला तेव्हा मी शब्दकोशाच्या बाजूला होतो, नानांच्या नव्हतो. शिक्षणाने मला तो शब्द वाचता आला. तो शब्द चूक आहे असे म्हणता यायला मात्र फार वर्षे लागली. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेले शिक्षण हे दुसरे आहे, पहिले नव्हे.

७

मद्रासच्या प्रयोगातून बाहेर गेलेली भूक पुन्हा वैद्यकाच्या निबंधात यायला साठ वर्षे लागली. झारखंडच्या चार जिल्ह्यांत अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे. यांत मोठा भाग आदिवासींचा होता. सर्व रुग्णांना दरमहा १० किलोची शिधापिशवी, म्हणजे तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल. निम्म्या भागातील घरच्या माणसांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. उरलेल्या निम्म्या भागातील घरच्यांना शिधा नाही.

निदानाच्या वेळी पाच रुग्णांपैकी चार कमी वजनाचे होते. शिधा आणि औषध मिळून शंभरातील नव्वदाहून अधिक रुग्णांचा उपचार यशस्वी झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी आढळला. आणि शिधा मिळालेल्या घरांतील माणसांना नव्याने क्षय होण्याचे प्रमाण शिधा न मिळालेल्या घरांच्या तुलनेत ३९ टक्क्यांनी, तर फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे डाळ-तांदूळ ही रोगाविरुद्धची लस ठरली.

हे काम मोठे आहे आणि करणाऱ्यांची बांधिलकी निःसंशय आहे. रुग्णाला शिधा नाकारणे त्यांनी अनैतिक मानले, म्हणून सर्व रुग्णांना तो दिला. परंतु मला त्या दुसऱ्या निम्म्या घरांविषयी विचारावेसे वाटते. उपासमारीने क्षय होतो, हे आमच्या वस्तीतील म्हातारीला ठाऊक आहे. हे तिचे ज्ञान 'समज' म्हणून धरले जात नाही. ते सिद्ध करायला उपाशी घरांचा एक गट बाजूला ठेवावा लागतो आणि त्यांत किती जण खोकू लागतात ते मोजावे लागते. दोष संशोधकांचा नाही. दोष त्या राज्यव्यवस्थेचा आहे, जी टक्केवारी दाखविल्याशिवाय भाकर द्यायला तयार होत नाही. आणि टक्केवारी दाखविल्यावर तरी? केंद्र सरकारने २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देऊ केले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. दिवसाला तेहतीस रुपये. घरच्या माणसांची भूक या हिशेबात कोठे बसते, ते वाचकांनीच ठरवावे.

८

आता 'समज' या गोष्टीकडे परत येतो. समज नको, नुसती भाकर पुरे, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणणे म्हणजे आपल्या माणसाला पुन्हा पोटापुरता ठेवणे होईल. रुग्णाला आपला रोग, औषध, त्याचे धोके समजले पाहिजेत. तो त्याचा हक्क आहे. अमेरिकेतील संशोधनात आरोग्यसाक्षरता कमी असलेल्यांची प्रकृती अधिक वाईट राहते असे वारंवार आढळले आहे, आणि ते मी खोटे मानत नाही. माझा आक्षेप मोजमापाच्या दिशेला आहे. तेथे १९९० च्या दशकाच्या आरंभी एक परीक्षा तयार झाली : रुग्णाने ६६ वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचून दाखवायचे, त्यावरून त्याची साक्षरता ठरणार. बरे आहे. अशीच एक परीक्षा आपल्या डॉक्टरांची घ्यावी. उचल, टोळी, फड, मुकादम, कोयता, खाडा हे शब्द त्यांच्यापुढे ठेवावेत. ज्याला 'खाडा' म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला उसतोड कामगाराला सहा महिन्यांचे औषध समजावून सांगता येईल काय?

शिवाय समजण्यासाठी आधी कोणीतरी जवळ यावे लागते. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातील दलित मुलांच्या आरोग्यसेवेवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. औषध देताना स्पर्श टाळणे, घरभेटीला आलेल्या कर्मचाऱ्याने उंबऱ्याच्या आत न येणे, असे अनुभव त्या मुलांनी सांगितले आहेत. जो हात गोळी वरून टाकतो तो ती केव्हा, कशी घ्यायची हे समजावून सांगायला थांबेल काय? असे असताना रुग्णाच्या समजुतीवरील कितीतरी निबंधांत वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न यांचे रकाने असतात आणि जातीचा नसतो. रकाना नसला की अस्पृश्यता हे कारण राहत नाही, रुग्णाचे अज्ञान हे कारण होते. याउलट एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला स्वतःच्या पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्चला त्यांचा अंत झाला. त्या मुलाच्या घरच्यांना प्लेगचे शास्त्र किती समजले होते, हे सावित्रीबाईंनी आधी विचारले नव्हते.

भाषेचेही तेच. इंग्रजीतून सुटलेला रुग्ण आता छापील मराठीत अडकतो. 'उपचारांचे अनुपालन', 'प्रतिकूल परिणाम', 'संमतिपत्र' ही कोणाची मराठी? संशोधनासाठी घेतल्या जाणाऱ्या संमतीचे कागद याच भाषेत येतात आणि खाली अंगठा उठतो. तो अंगठा समजुतीचा पुरावा म्हणून फायलीत जातो. आमच्या बापजाद्यांचे अंगठे सावकाराच्या वहीत असेच पुरावे होते.

९

यातून मी पुढील निष्कर्षाप्रत येतो. 'समज' हा रुग्णाच्या डोक्यातील माल नव्हे, की जो कमी असल्यास भरून द्यावा. समज हा दोन माणसांमधील व्यवहार आहे. दोघांपैकी एकाच्या हाती औषध, भाषा, वेळ आणि जात आहे, आणि दुसऱ्याच्या हाती फक्त कार्ड आहे, तोवर न समजल्याचा जाब एकट्या दुसऱ्याला विचारणे हे शास्त्र नव्हे. तुमकूरने हे १९६३ साली दाखविले. कांजने आणि झारखंडने ते पुन्हा दाखविले.

आपल्या विद्यार्थ्यांना, विशेषतः वैद्यकीय आणि परिचारिका अभ्यासक्रमांत आज मोठ्या कष्टाने पोहोचलेल्या मुला-मुलींना, माझी विनंती आहे. हे निबंध वाचा. आकडे पाहा, पण कर्ताही पाहा. उद्या तुमच्या हाती लाल शाईचे पेन येईल. समोर खोकणारा माणूस महिनाभर उशिरा आलेला असेल. त्याला 'समजत नाही का?' असे विचारण्यापूर्वी तो कोठे होता, काय खात होता, उचल किती होती आणि वाटेतल्या कोणत्या दवाखान्याने त्याला बाटली देऊन परत पाठविले, हे विचारा. उत्तर मिळेल ते कार्डावर लिहा. रकाना नसेल तर समासात लिहा. पुढच्या संशोधकाला ते वाचता आले पाहिजे.

नानांचे कार्ड आमच्या घरी आता नाही. घर पडले तेव्हा गेले. त्यांचे उत्तर मात्र मला तोंडपाठ आहे. ते कोणत्याही निबंधात आलेले नाही, म्हणून येथे लिहिले.